जरा पाणी बघायला पाहिजे

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमची मीटिंग सुरू व्हायची. चाकणच्या एमआयडीसीतला वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. पहिली पाळी नुकतीच आत आलेली, रात्रपाळीची माणसं डोळे चोळत बसच्या घाईत. वरच्या मजल्यावर काचेची खोली, मध्ये लांब टेबल. एका टोकाला मी, क्वालिटीची प्रमुख म्हणून. डाव्या-उजव्या हाताला प्रॉडक्शन, मेंटेनन्स, स्टोअर, डिस्पॅच. आणि भिंतीला लागून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर लाइनचे सेटर, म्हणजे मशीन लावून देणारे, आणि दोन-तीन ऑपरेटर. टेबलापाशी खुर्च्या रिकाम्या असल्या तरी ते भिंतीलाच बसायचे. तिथे बसा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. टेबलापाशी या असंही कोणी सांगितलं नव्हतं, मीसुद्धा.

इंडक्शन हार्डनिंगच्या मशीनवर आमचे एक जुने सेटर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणायचे. ज्यांनी हे मशीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तांब्याच्या वेटोळ्यात शाफ्ट उभा राहतो, काही सेकंदांत त्याचा ठरावीक भाग लालभडक होतो आणि लगेच त्यावर चहूबाजूंनी पाण्याचे फवारे येतात. पाण्यात पॉलिमर मिसळलेलं असतं. लाल झालेलं लोखंड त्या फवाऱ्याखाली अचानक थंड झालं की त्याचा वरचा थर कठीण होतो. पाणी कमी पडलं किंवा एका बाजूने कमी पडलं तर तिथे लोखंड मऊ राहतं. वरून बघून कळत नाही. मऊ आणि कठीण, दोन्ही शाफ्ट डोळ्यांना सारखेच दिसतात.

त्या दिवशी मी नेहमीसारखं विचारलं, ‘‘चला, कोणाला काही अडचण?’’ विचारताना माझी नजर समोरच्या कागदावर होती, कारण दुपारी दोनची गाडी भरायची होती आणि माल कमी पडत होता. मामा म्हणाले, ‘‘तसं काही नाही, मॅडम. जरा पाणी बघायला पाहिजे एकदा.’’ मेंटेनन्सच्या साहेबांनी वहीतून मान वर न करता ‘‘बघतो’’ म्हटलं. दोनच दिवसांपूर्वी पिण्याच्या पाण्याच्या कूलरची तक्रार आली होती. मला वाटलं, मामा त्याबद्दलच बोलतायत. मी डिस्पॅचकडे वळले.

नऊ दिवसांनी ग्राहकाचा फोन आला. त्यांच्या तपासणीत आमचे काही शाफ्ट मऊ निघाले होते. त्यांच्या गोदामात आणि आमच्याकडे मिळून तीन हजार सहाशे नग अडकले. तीन दिवस, तिन्ही पाळ्या, कठीणपणा मोजणाऱ्या दोन रॉकवेल मशीनवर आम्ही एकेक शाफ्ट तपासत बसलो. हात काळे, कंबर मोडलेली. चांगला माल एका बाजूला, वाईट दुसऱ्या बाजूला, आणि वाईटाच्या पेटीत पडणाऱ्या प्रत्येक शाफ्टचा आवाज मला अजून आठवतो.

कारण सापडायला वेळ लागला नाही. पाण्याच्या वाटेवरचा फिल्टर गाळाने भरत आला होता. प्रवाह मध्येच कमी व्हायचा, मध्येच नीट व्हायचा, म्हणून आमच्या दर दोन तासांच्या तपासणीतून तो निसटला. पण मशीनवर प्रेशरचा गेज होता, त्याचं काय? गेज रोज बरोबर आकडा दाखवत होता आणि ऑपरेटर तो रोज तक्त्यात भरत होता. गेज बसवला होता फिल्टरच्या आधी. फिल्टर तुंबला तरी त्याच्या अलीकडे प्रेशर असणारच. आम्ही सगळे इतकी वर्षं चुकीच्या जागी लावलेल्या काट्यावर विश्वास ठेवून होतो.

चौथ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी मामांजवळ गेले. ते मशीनच्या मागच्या बाजूला पायरीवर बसले होते. ‘‘मामा, तुमच्या काही लक्षात आलं नव्हतं का?’’

‘‘आलं होतं की, मॅडम. फवाऱ्याचा आवाज बदलला होता. एरवी सर्रकन येतो. तो फसफस करायला लागला होता.’’

‘‘मग सांगितलं का नाही?’’

त्यांनी कप खाली ठेवला. ‘‘सांगितलं होतं. मीटिंगमध्ये. जरा पाणी बघायला पाहिजे म्हणालो होतो.’’

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. आणि वही काढून पाहिली तर त्या दिवशीच्या मीटिंगच्या नोंदीत पाण्याचा उल्लेखच नव्हता.

त्या ‘जरा’ या शब्दावर मी पुढे खूप विचार केला आहे. आपल्याकडे खालचा माणूस वरच्याशी बोलताना मोठी गोष्ट लहान करून सांगतो. ‘जरा’, ‘एकदा’, ‘वाटतंय’, ‘बहुतेक’, ‘बघायला पाहिजे’. कर्ता काढून टाकतो, म्हणजे कोणाकडे बोट दाखवल्यासारखं होत नाही. मामांना म्हणायचं होतं, ‘मशीन थांबवा, माल मऊ जातोय अशी मला शंका आहे.’ पण दुपारी गाडी भरायची आहे हे त्यांना ठाऊक होतं. मेंटेनन्सचे साहेब समोर बसले आहेत, फिल्टर बदलणं त्यांचं काम आहे हेही ठाऊक होतं. गेज ठीक दाखवतोय आणि आपल्या हातात पुरावा म्हणून फक्त कान आहे, हेही ठाऊक होतं. एवढी सगळी अडचण त्यांनी ‘जरा’ या एका शब्दात गुंडाळली. ती उलगडणं माझं काम होतं. अनुभवी माणूस ‘जरा’ म्हणतो तेव्हा ‘जरा म्हणजे किती, मामा?’ एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

काही महिन्यांनी एका प्रशिक्षणात मी एका विमान अपघाताची हकीकत ऐकली आणि सुन्न झाले. १३ जानेवारी १९८२, वॉशिंग्टन. एअर फ्लोरिडाचं बोईंग ७३७ बर्फ पडत असताना उड्डाणासाठी धावपट्टीवर धावू लागलं. इंजिनाचा जोर मोजणाऱ्या नळीच्या तोंडाशी बर्फ धरलं होतं, त्यामुळे काटा खऱ्यापेक्षा जास्त जोर दाखवत होता. शेजारच्या वैमानिकाच्या ते लक्षात आलं. त्याने हे बरोबर वाटत नाही, असं एकदा नाही, पुन्हा पुन्हा म्हटलं. कॅप्टन म्हणाला, बरोबर आहे, ऐंशीचा वेग आलाय. त्यावर तो म्हणाला, मला नाही वाटत हे बरोबर आहे, आणि लगेच पुढे, कदाचित असेलही. विमान कसंबसं उठलं, पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकलं आणि बर्फाळ पाण्यात कोसळलं. विमानातल्या ७९ पैकी ५ जण वाचले. पुलावरच्या गाड्यांमधली ४ माणसं गेली. काटा चुकीचा, माणूस बरोबर, आणि माणसाने आपलं म्हणणं काट्यापुढे मागे घेतलं. ‘कदाचित असेलही’ हे त्याचं वाक्य आणि मामांचं ‘तसं काही नाही’ मला एकाच घरातली वाटली. आमच्याकडे तीन हजार सहाशे शाफ्ट अडकले, एवढ्यावर भागलं. तेही वेळेत सापडले नसते तर कोणाच्या गाडीत जाऊन बसले असते, हा विचार मी पूर्ण करू शकत नाही.

विमानवाल्यांनी अशा अपघातांतून धडा घ्यायला त्याआधीच सुरुवात केली होती. १९७८ च्या डिसेंबरमध्ये पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सच्या विमानाचा कॅप्टन चाकांच्या बिघाडात इतका गुंतला की आकाशात घिरट्या घालता घालता इंधनच संपलं. सोबतच्यांनी इंधनाची आठवण दिली होती, पण कॅप्टनला दचकवेल अशी नाही. १० माणसं गेली. त्यानंतर कॅप्टनने ऐकायचं कसं आणि हाताखालच्याने ठामपणे सांगायचं कसं, याचं रीतसर शिक्षण सुरू झालं. मला यात सगळ्यात पटलं ते हे की त्यांनी दोघांनाही शिकवलं. आपल्याकडे कर्मचाऱ्यांसाठी ‘संवादकौशल्य’ शिबिरं भरतात. बोलायला त्यांना शिकवतात. ऐकायला साहेबांना कोण शिकवतं?

मीटिंगची म्हणून एक वेगळीच मराठी असते. ‘बघतो’ म्हणजे बहुतेक वेळा बघणार नाही. ‘होऊन जाईल’ या वाक्यात करणारा कोणीच नसतो, काम आपलं आपण होणार असतं. ‘ते राहिलं’ हे तर फार सोयीचं वाक्य. कोणाकडून राहिलं, कधीपासून राहिलं, काही कळत नाही. रिपोर्ट राहिला, ग्रीसिंग राहिलं, फिल्टर बदलायचा राहिला. आणि ‘तसं काही नाही’ याचा अर्थ, आहे काहीतरी, पण तुम्ही पुन्हा विचारल्याशिवाय सांगणार नाही. घरात हे आपल्याला बरोबर कळतं. आई फोनवर ‘तसं काही नाही गं’ म्हणाली की आपण फोन ठेवत नाही. खोदून खोदून विचारतो. मग तेच वाक्य ऑफिसात ऐकून पुढच्या मुद्द्यावर कसे जातो?

गप्प बसायचं शिक्षण आपल्याला फार लहानपणी मिळतं. हाताची घडी, तोंडावर बोट. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये. वर्गात हात वर केला आणि उत्तर चुकलं तर अख्खा वर्ग हसतो. मी भोसरीच्या एका लहान वर्कशॉपमध्ये डिप्लोमा करून लागले, तेव्हा आमचे मालक मीटिंगमध्ये विचारायचे, ‘‘हे कोणी केलं?’’ काय झालं, कसं झालं हे नंतर. आधी कोणी. त्या प्रश्नाने खोलीतली प्रत्येक नजर खाली जायची. मी तेव्हाच शिकले की वाईट बातमी आपल्या तोंडून जाऊ द्यायची नाही. ती दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून कळू द्यायची.

आणि हे शिकलेलं मी वर चढतानाही बरोबर नेलं. आमच्या महिन्याच्या आढाव्यात प्रत्येक मुद्द्यापुढे लाल, पिवळा किंवा हिरवा ठिपका द्यावा लागतो. लाल ठिपका दिसला की आमचे त्या वेळचे वरिष्ठ चष्मा काढून टेबलावर ठेवायचे आणि काही क्षण काहीच बोलायचे नाहीत. ओरडायचे नाहीत, अपमान करायचे नाहीत. फक्त चष्मा काढायचे. त्या चष्म्याच्या भीतीने मी दोन वेळा लालचा पिवळा आणि एकदा पिवळ्याचा हिरवा केला आहे. खोटं लिहिलं नाही, पण ‘काम सुरू आहे’ असं लिहून वेळ मारून नेली. म्हणजे भिंतीला लागून बसलेले मामा जे माझ्यासमोर करत होते, तेच मी माझ्या वरिष्ठांसमोर करत होते. खुर्च्या तेवढ्या वेगळ्या होत्या.

चॅलेंजर यानाची गोष्ट अनेकांना माहीत असते, पण त्यातली आदल्या रात्रीची मीटिंग फार कमी जण लक्षात ठेवतात. २७ जानेवारी १९८६ ची संध्याकाळ. फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडणार होती. यानाचे रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनिअर युटामधून फोनवर नासाच्या लोकांना सांगत होते की सांध्यांमधल्या रबरी रिंगा एवढ्या थंडीत नीट काम करतील याची खात्री नाही, उड्डाण करू नका. नासाच्या अधिकाऱ्यांनी त्यावर जोरदार हरकत घेतली. कंपनीने आपापसात बोलायला पाच मिनिटं मागितली, त्याचा अर्धा तास झाला. त्या अर्ध्या तासात कंपनीच्या एका वरिष्ठाने इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगितलं की आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची टोपी घाल. निर्णय चार वरिष्ठांनी घेतला. पुन्हा फोन जोडला गेला तेव्हा कंपनी म्हणाली, उडवा. मग नासाच्या बाजूने विचारलं गेलं की यावर कोणाचं काही वेगळं म्हणणं आहे का. कोणीही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ व्या सेकंदाला यान फुटलं, सात अंतराळवीर गेले.

मी ‘कोणाला काही अडचण?’ विचारत होते तो प्रश्न आणि हा प्रश्न यात मला फरक दिसत नाही. निर्णय झालेला असतो, गाडी दोन वाजता सुटणार असते, आणि मग आपण विचारतो. विचारल्याचं समाधान आपल्याला मिळतं, आणि पुढे काही झालं तर ‘विचारलं होतं, कोणी बोललं नाही’ असं म्हणायची सोयही होते. समोरच्यांना मात्र त्या प्रश्नाचा सूर बरोबर कळतो. उत्तर नको असलेला प्रश्न माणसं लांबून ओळखतात.

शाफ्टच्या प्रकरणानंतर मी मीटिंग खाली आणली. काचेच्या खोलीतून लाइनवर, इंडक्शनच्या मशीनशेजारी, सगळे उभे. भिंतीच्या खुर्च्या आणि टेबल यांचा प्रश्नच मिटला. तिथे मशीनचा आवाज असतो, तेलाचा वास असतो, हात लावून दाखवता येतं. ‘‘मॅडम, हे बघा’’ म्हणून माणूस दोन पावलं चालत जातो आणि बोट ठेवतो. वरच्या खोलीत त्याला ते शब्दांत मांडावं लागायचं आणि शब्द हे त्याचं रोजचं हत्यार नव्हे.

भाषाही बदलली. वर पडद्यावर इंग्रजी तक्ते असायचे, आकडे असायचे, आणि मुख्यालयातून कोणी आलं की सगळी चर्चा इंग्रजीत व्हायची. ज्याला मशीनबद्दल सगळ्यात जास्त माहीत होतं तो सगळ्यात कमी बोलायचा. खाली आम्ही मराठीत बोलू लागलो. पण आमच्याकडे बिहारची, ओडिशाची पोरं आहेत, त्यांच्यासाठी मी प्रत्येक मुद्दा हिंदीतही सांगते आणि त्यांना विचारतेही. माझं हिंदी फार चांगलं नाही. त्याचा एक फायदा झाला. मी अडखळते तेव्हा तीही अडखळत बोलायला धजतात.

सगळ्यात अवघड गेलं ते थांबणं. मी प्रश्न बदलला. ‘कोणाला काही अडचण?’ सोडून मी विचारू लागले, ‘काल कोणतं मशीन वेगळं वागलं?’ या प्रश्नात काहीतरी घडलं असणार हे गृहीत आहे, म्हणून ‘नाही’ म्हणणं तेवढं सोपं राहत नाही. पण प्रश्न विचारून झाल्यावर गप्प राहावं लागतं. पहिल्या दिवशी मी विचारलं आणि कोणी बोलेना. तीन सेकंदांत माझ्या तोंडावर पुढचं वाक्य आलं. ते मी गिळलं. मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं. मोजताना छातीत धडधडत होतं, इतकी मला शांततेची सवय नव्हती. आठ की नऊवर ग्राइंडिंगचा एक मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, व्हील ड्रेस केल्यावर पहिले चार-पाच नग जरा वरखाली येतात.’’ ड्रेस करणं म्हणजे ग्राइंडिंगचं दगडी चाक घासून पुन्हा धारदार करणं. मी म्हटलं, ‘‘जरा म्हणजे किती?’’ त्याने खिशातून कागद काढला. त्यावर त्याने पाच दिवसांचे आकडे लिहून ठेवले होते. पाच दिवस तो कागद त्याच्या खिशात होता.

त्या दिवसापासून मोजायची सवय लागली. अजूनही मोजते. कोणी बोललं की ते मी माझ्या शब्दांत परत म्हणते, ‘म्हणजे तुमचं म्हणणं असं की…’, आणि तो ‘हो’ म्हणेपर्यंत पुढे जात नाही. मामांचं पाणी मी एकदा जरी असं परत म्हटलं असतं, ‘म्हणजे कूलरचं ना?’, तरी त्यांनी तिथल्या तिथे मला दुरुस्त केलं असतं.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. माणसं बोलायची थांबतात ती भीतीने, तशीच उत्तर न मिळाल्यानेही. एकदा भट्टीच्या बाजूच्या मुलांनी मोठा पंखा मागितला. त्या वर्षीच्या बजेटमध्ये ते बसत नव्हतं. पूर्वी मी ‘बघू’ म्हणून सोडून दिलं असतं आणि ते सहा महिने पंख्याची वाट बघत बसले असते. या वेळी तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं की यंदा पंखा होणार नाही, पैसे कुठे गेले ते हे असं, पुढच्या एप्रिलमध्ये पहिली मागणी ही असेल. मला वाटलं नाराज होतील. एक जण म्हणाला, ‘‘ठीक आहे मॅडम, कळलं तरी.’’ ते ‘कळलं तरी’ मी विसरलेले नाही.

आमच्या लाइनवर अँडन आहे, म्हणजे काही बिघडलं की लगेच खूण करायची सोय. टोयोटाच्या कारखान्यांत कामगाराच्या डोक्यावरून एक दोरी जायची, काही खटकलं की कोणीही ती ओढायची, टीमचा प्रमुख धावत यायचा आणि लगेच सुटलं नाही तर लाइन थांबायची. त्याच धर्तीवर आमच्याकडे प्रत्येक मशीनजवळ लाल बटण बसवलं. उद्घाटनाला नारळ फुटला. दोन वर्षांनी मी एकदा सहज जवळून पाहिलं, तर बटणावरचं संरक्षक प्लॅस्टिक अजून निघालेलं नव्हतं. दोन वर्षांत त्याला कोणी हातच लावला नव्हता. कारण सरळ होतं. बटण दाबलं की सुपरवायझर यायचा आणि विचारायचा, ‘‘कोणी दाबलं?’’ भोसरीच्या मालकांचाच प्रश्न, वीस वर्षांनी. आता आमचा नियम एवढाच आहे की बटणापाशी येणाऱ्याने पहिलं वाक्य ‘काय दिसलं?’ हे बोलायचं. हे अंगवळणी पडायला एक वर्ष गेलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण संवादाच्या चर्चेत ती बाजूला टाकली जाते. आमच्याकडची निम्मी पोरं कंत्राटी आहेत. बीड, लातूर, नांदेडकडून आलेली, किंवा त्याहून लांबून. ‘उद्यापासून येऊ नको’ एवढं एक वाक्य त्यांची खोली, खानावळ आणि घरी जाणारे पैसे थांबवू शकतं. त्यांना ‘मोकळेपणाने बोला’ असं सांगताना मला संकोच वाटतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यात कार्यसमितीची तरतूद होती, त्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत असंही म्हटलेलं. विचार चांगलाच होता. पण मी पाहिलेल्या समित्यांमध्ये कंत्राटी मुलगा बसलेला मला कधी दिसला नाही. ज्याची भाकरी एका वाक्यावर अवलंबून आहे त्याच्याकडून धाडसाची अपेक्षा करायची असेल तर आधी त्या भाकरीची हमी द्यावी लागते. मी माझ्या हातात होतं तेवढं केलं. दोष दाखवल्यामुळे कोणाचाही पास बंद होणार नाही, हे ठेकेदाराकडून लेखी घेतलं आणि तो कागद लाइनवर लावला, मराठीत आणि हिंदीत. हे पुरेसं नाही, हे मला माहीत आहे.

मीटिंग खाली आणल्यानंतरच्या पहिल्या तिमाहीत आमच्या रजिस्टरमधल्या तक्रारी महिन्याला चारावरून एकतीसवर गेल्या. वरिष्ठांनी आढाव्यात विचारलं, ‘‘तुमच्या लाइनला झालंय काय?’’ चष्मा टेबलावर होता. मी त्यांना हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांच्या संशोधनाबद्दल सांगितलं. त्यांनी रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी अपेक्षा होती, आकडे मात्र उलटे आले. चांगल्या टीममध्ये चुका जास्त नोंदलेल्या होत्या, कारण तिथल्या परिचारिका त्या लपवत नव्हत्या. हे १९९६ मध्ये छापून आलं. वरिष्ठांनी ऐकून घेतलं आणि तीन महिन्यांची मुदत दिली. त्या तीन महिन्यांत ग्राहकाकडून परत येणारा माल कमी झाला. तो फक्त मीटिंगमुळे कमी झाला असा दावा मी करणार नाही, कारण त्याच काळात फिल्टरच्या पुढे नवा गेज बसला. त्या गेजची जागा मात्र मामांनी दाखवली होती, मशीनपाशी उभं राहून, नळीवर बोट ठेवून.

मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, वडापाव झाला. नंतर ते त्यांच्या जागी येणाऱ्या मुलाला घेऊन मशीनपाशी गेले, त्याला डोळे मिटायला लावले आणि दहा-बारा शाफ्ट होईपर्यंत नुसतं ऐकत उभं केलं. मुलगा अंबाजोगाईकडचा, ठेकेदाराकडून आलेला, बोलायला लाजरा.

त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, सात-दहाच्या मीटिंगमध्ये मी विचारलं आणि मोजू लागले. सहावर तो म्हणाला, ‘‘मॅडम, मला जरा पाण्याचा आवाज…’’ आणि थांबला. त्या दिवशीही दोनची गाडी होती. मी रजिस्टर मिटलं. मशीन थांबवलं. मेंटेनन्सच्या माणसाने फिल्टर उघडला, गेज तपासला, फवाऱ्याची भोकं तार घालून पाहिली. त्या तासाचे सगळे शाफ्ट रॉकवेलवर गेले. चाळीस मिनिटं गेली. कुठे काही नव्हतं. फिल्टर स्वच्छ, माल कठीण. मुलाचे कान लाल झाले होते आणि तो खाली बघत होता.

मी त्याला विचारून त्याचं नाव रजिस्टरमध्ये लिहिलं, पुढे ‘आवाज बदलल्याची शंका’, त्यापुढे ‘तपासलं, ठीक आहे’, तारीख आणि माझी सही. त्याला ते वाचून दाखवलं. ‘‘परत वाटलं तर परत सांग,’’ म्हटलं. मग लाइन चालू केली आणि आम्ही डिस्पॅचच्या आकड्यांकडे वळलो.